मोजणीदाराचे पाय

आमच्या कचेरीतले मोजणीदार अनवाणी चालत. त्यांनी नवस केलेला नव्हता, घरी सुतक नव्हतं, चपला घ्यायची ऐपत नव्हती असंही नव्हतं. पण हे मला कळायला दोन वर्षं लागली, आणि बाकीच्या कोल्हापुराला कधी कळलंच नाही. जिथं लोक लांबून चपला घ्यायला येतात त्या गावात एक चांगला पगारी माणूस उघड्या पायांनी हिंडतो, म्हणजे त्याला काहीतरी कारण असणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कारण नाही म्हटलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं. मी जमीन मोजणीच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागले. मोजणीदार शेतावर जाऊन मापं घेऊन येत, त्यांचा नकाशा कागदावर काढत, आणि मी त्यावर पातळ, खालचं दिसेल असं कापड पसरून खालच्या रेघा शाईनं जशाच्या तशा वर उतरवत असे. रेघ दुसऱ्याची, ती आपल्या हातून हलता कामा नये, एवढंच त्या कामाचं शास्त्र. पहिल्याच दिवशी माझं निब टेबलाखाली घरंगळलं. शोधायला वाकले तर समोर दोन पाय. रुंद, काळसर, बोटं एकमेकांपासून फटकून बसलेली. पण नखं नीट कापलेली आणि टाचेला एक भेग नाही. आमच्या घरात एवढे स्वच्छ पाय कुणाचेच नव्हते.

"सापडलं काय, बाई?" वरून आवाज आला. "माझ्या डाव्या अंगठ्याजवळ बगा. कायतरी गार लागाय लागलंय."

निब तिथंच होतं.

हेडक्लार्कांनी मला पहिल्याच आठवड्यात विश्वासात घेऊन सांगितलं की, मुलगा व्हावा म्हणून नवस आहे. मोजणीदारांना तेव्हा तीन मुलगे होते आणि थोरला कॉलेजात होता. चहावाल्याचं म्हणणं असं की बायको गेल्यापासून त्यांनी पायताण सोडलं. ती बायको दर शनिवारी स्वतः डबा घेऊन कचेरीत यायची, आणि तिच्या पायात करकर वाजणारी झकास कोल्हापुरी असायची. माझ्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल दिला, "कंजूष." मला स्वतःला ते गरीब वाटले. म्हणून माझ्या पहिल्या दिवाळीला मीच पुढाकार घेऊन सगळ्यांकडून वर्गणी गोळा केली, आणि त्यांना एक चांगला जोड भेट दिला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून शिवण पाहिली, "लई चांगलं काम हाय," म्हणाले, आणि टेबलामागच्या खिळ्याला टांगून ठेवला. तो जोड तिथं अनेक वर्षं होता. दर दसऱ्याला मोजणीच्या साखळीबरोबर त्याचीही पूजा व्हायची.

शेवटी एकदा मी सरळ विचारलं. "का नाही घालत तुम्ही काही पायात?"

"तुमी हातात कायबी घालत न्हाई. त्याचं कारण कोन इचारलंय काय तुमाला?"

"हात वेगळे."

"पायबी वेगळंच हायत की. वारं लागलं की बरं वाटतं त्यास्नी. एवढंच हाय, बाई. ह्याच्याम्होरं काय न्हाई."

पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नसे. एकदा पुण्याहून वरचे साहेब तपासणीला आले. त्यांनी दप्तर पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं, आणि चेहरा गंभीर करून म्हणाले, "तुमची मागणी काय आहे?" त्यांना हे आंदोलन वाटलं होतं. मोजणीदारांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "एक नवी साखळी मिळाली तर बरं हुईल, साहेब. हाय ती झिजलीया." साहेबांनी टिपून घेतलं. साखळी काही आली नाही.

आता लोकांना वाटायचं की या माणसाच्या पायांना काही लागतच नाही. तेही खोटं. मे महिन्यात डांबर तापलं की ते उड्या मारत येत, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. कोणत्या रस्त्याला किती वाजता कुठल्या बाजूनं सावली असते हे त्यांना पाठ होतं, आणि त्यासाठी ते खुशाल लांबचा वळसा घेत. सदऱ्याच्या कॉलरमागं एक सुई टोचलेली असायची, काट्यासाठी. घरी गेल्यावर घासून पाय धुणं आणि झोपायच्या आधी टाचांना आमसुलाचं तेल, हा नेम. हेडक्लार्कांनी एकदा त्यांना पायातून शिरणाऱ्या जंतांवर व्याख्यान दिलं, तर ते म्हणाले, "खरं हाय की. म्हणून संडासला जाताना मी स्लीपर घालतो." अख्ख्या कचेरीला धक्का बसला. त्यांच्या घरी रबरी स्लीपर आहे ही बातमी चार दिवस पुरली. काहीजणांच्या मनातून तर ते उतरलेच.

हेडक्लार्कांच्या मुलीच्या लग्नात माझी नवी चप्पल कार्यालयाच्या दारातून चोरीला गेली. दुपारची वेळ, मंगळवार पेठेतलं घर लांब, रिक्षाला पैसे नाहीत. मी रडवेली झाले होते. मोजणीदार म्हणाले, "चला, मी येतो संगं. टाच आपटू नका, चवडा आधी टेकवा. पाऊल आखूड टाका. आन गुडघं सैल सोडा, परेडला न्हाई निघाला." पहिली शंभर पावलं मी देवाचं नाव घेत चालले. मग हळूहळू रस्ता कळायला लागला. देवळापुढची फरशी गार, नळकोंडाळ्याशी चिखल, पिठाच्या गिरणीपुढं तर पायाखाली मऊ मऊ पीठ. त्या गिरणीवरून मी रोज जात होते, तिथं जमिनीवर पीठ असतं हे मला त्या दिवशी समजलं. घरी पोचल्यावर पाहिलं तर तळवे लाल झाले होते, पण ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी नवी चप्पल घेतली आणि कचेरीत जरा ओशाळून सांगितलं की मला आपली चप्पलच आवडते. "आवडती न्हवं? मग झालं की," ते म्हणाले आणि कामाला लागले.

हे सगळं वाचून वाटेल की तो माणूस फार समजूतदार होता. होताही, पण एका बाबतीत त्याची चूक झाली होती, आणि ती यशवंतरावांनी दाखवून दिली.

यशवंतराव त्यांचे साखळीवाले. शेतात साखळीचं एक टोक धरून पुढं जाणारा शिपाई तो साखळीवाला. त्यांच्या पायात कायम काळे बूट, आणि ते असे चकचकीत की मोजणीच्या सामानात ब्रश आणि पॉलिशची डबीही प्रवास करायची. काट्याकुट्यातून, चिखलातून दिवसभर साखळी ओढून आले की आधी बूट पुसायचे, मग चहा. मोजणीदार अनवाणी आणि त्यांचा शिपाई बुटात, हे पाहून खेड्यातले लोक अनेकदा यशवंतरावांनाच साहेब समजत. दोघांनाही त्याची गंमत वाटे.

एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी एक नवा कारकून, मोजणीदारांचं पाहून पंधरा दिवस अनवाणी झालेला, यशवंतरावांच्या मागं लागला. बूट सोडा, मोकळं वाटतं, तब्येतीला चांगलं असतं, वगैरे. मोजणीदार हसत म्हणाले, "बगा की यशवंतराव, एक दिवस काढून."

यशवंतरावांनी घास खाली ठेवला. आवाज न चढवता ते म्हणाले, "साहेब, आमच्या गावात वरच्या आळीतनं जाताना माझा बा पायताण हातात घिऊन जायचा. घालून गेला तर मार बसायचा. आमी बौद्ध झालो, त्या साली त्यानं मला पैलं काय घेतलं असंल तर बूट. तुमी अनवाणी चालला की लोकं इचारत्यात, का वो साहेब? माझा बा जल्मभर त्या आळीतनं अनवाणी चालला. त्येला कोन कवा इचारलं न्हाई."

मोजणीदार डबा बाजूला सारून "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी कुणालाही पायातलं काढून बघ असं सांगितल्याचं मला आठवत नाही. नव्या कारकुनानं चपला घातल्या.

तर, आता चंदगडचं प्रकरण.

चंदगड तालुक्यातल्या डोंगरातलं एक लहान गाव. तिथल्या शेवंताबाई, नवरा वारलेला, पदरी दोन मुली. शेजारचं शेत धाकट्या दिराचं. दोन्ही शेतांच्या मधल्या बांधालगत नवऱ्यानं लावलेली काजूची तीन झाडं होती. दीर म्हणे ती माझ्या हद्दीत, बाई म्हणे माझ्या. तीन झाडं म्हणजे काय मोठं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्या काजूवर त्यांचं वर्षाचं तेलमीठ आणि मुलींची शाळा होती. मोजणीचा अर्ज आला. जानेवारीत मोजणीदार आणि यशवंतराव एस.टी.नं गेले, हद्द दाखवून, पंचांच्या सह्या घेऊन परत आले. झाडं दिराकडं गेली. कुणाची तक्रार नव्हती.

महिन्याभरानं तो नकाशा माझ्या टेबलावर आला. जुन्या मोजणीचं टिपण शेजारी ठेवून ताळा घ्यायचा माझा नेम होता. तो मला कुणी सांगितला नव्हता, पण दुसऱ्याची रेघ उतरवायची तर ती बरोबर आहे का हे बघावं असं मला वाटे. जुन्या टिपणात दोन्ही शेतं मिळून चोवीस साखळ्या रुंद होती, बाईचं बारा आणि दिराचं बारा. आमच्या मोजणीदारांच्या वहीत सव्वाचोवीस. बाईच्या बाजूच्या दगडापासून त्यांनी बारा साखळ्या मोजून हद्द टाकली होती आणि उरलेल्या सव्वाबारा दिराकडं गेल्या होत्या.

मी वही घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. "ही पाव साखळी कुठून आली?"

ते म्हणाले, "जुनी मोजणी सैल असती. डोंगराळ भाग." मग वहीकडं पुन्हा पाहिलं. उठले, कोपऱ्यातली साखळी खांद्यावर टाकली आणि मागच्या अंगणात गेले. तिथं जमिनीत दोन दगड पुरलेले होते, बरोबर तेहतीस फुटांवर. साखळी एवढी भरते का ते रोज कामाला निघताना तिथं तपासायचं, फिरतीवर असलं तर ठरावीक मापाच्या काठीनं मापून बघायचं, असा नियम. त्यांनी आणि यशवंतरावांनी साखळी ताणली. ती दगडापासून चार इंच मागंच राहिली.

यशवंतरावांनी दुवे चाचपले आणि त्यांना आठवलं. चंदगडला जायच्या आधल्या मोजणीच्या अगदी शेवटी साखळीचा एक दुवा तुटला होता आणि खेड्यातल्या लोहाराकडून जोडून घेतला होता. जोडताना मधल्या कड्या कमी पडल्या, आणि चंदगडनंतर साखळी कोपऱ्यातून बाहेर निघालीच नव्हती. एका साखळीला चार इंच, बारा साखळ्यांना चार फूट. शेवंताबाईचं शेत चार फुटांनी आखूड झालं होतं आणि तीन काजू त्या चार फुटांत होते.

वरिष्ठांकडे गेलो तर ते म्हणाले, "तक्रार नाही ना कुणाची? मग कशाला उकरता? आणि कळवायचंच असेल तर साखळीवाल्याचा निष्काळजीपणा म्हणून लिहा."

"तक्रार न्हाई, हीच तर भानगड हाय, साहेब," मोजणीदार म्हणाले. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या कागद घेतला आणि लिहून दिलं की साखळी तपासणं हे माझं काम होतं आणि त्या दिवशी मी ते केलं नाही. वरिष्ठांनी कागद वाचला आणि सांगितलं, बाईनं फेरमोजणीचा अर्ज दिला तर करा, नाहीतर राहू दे.

पण जिची झाडं गेली ती बाई गप्प का बसली होती? हे यशवंतरावांनी मला सांगितलं. त्या गावात जुनी चाल होती. बांधाचं भांडण मिटेनासं झालं की गावातला मोठा माणूस डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन हद्दीवरून अनवाणी चालायचा, आणि तो चालेल ती हद्द. पायाखाली देव असतो, त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. ढेकूळ कधीच मागं पडलं होतं, पण अनवाणी चालणं लोकांच्या डोक्यात राहिलं होतं. सरकारी साहेब बांधावर आला तो बिनचपलेचा, हे पाहिल्यावर गावानं आपापल्या चपला बांधाबाहेर काढल्या आणि हात जोडून उभं राहिलं. एका म्हाताऱ्यानं नारळ फोडला. आपली झाडं पलीकडं जाताना दिसत असूनही शेवंताबाईंनी पदर पसरून नमस्कार केला.

"तुम्ही तेव्हाच साहेबांना बोलला नाहीत?" मी यशवंतरावांना विचारलं.

"बोललो की. म्हटलं, साहेब, ह्यास्नी कायतरी येगळंच वाटाय लागलंय. तर म्हणाले, वाटू दे, शांततेत काम हुतंय न्हवं."

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही तिघं निघालो. मला मोजणीदारांनी मुद्दाम घेतलं. "चूक तुमाला दिसली, तुमीच सांगा. मी सांगितलं तर तेबी देवाचंच वाटंल." एस.टी.नं चार तास, मग जांभ्या दगडाची चढाची वाट. काजूला मोहोर आला होता, कुठंकुठं बी धरू लागली होती. पंधरा दिवसांत वेचणी सुरू झाली असती.

पारावर गाव जमलं. मी वही उघडून सगळं समजावलं, बारा साखळ्या, चार इंच, चार फूट. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि मग सगळे मोजणीदारांच्या पायांकडे बघायला लागले.

शेवंताबाई बारीक चणीच्या, चाळिशीच्या आतल्या. त्या म्हणाल्या, "नगं, सायेब. तुमी अनवाणी चाललासा, मी माझ्या डोळ्यानं बगितलं. आता ते उलटं फिरवलं तर माझ्या पोरींवर यायचं. झाडं गेली तर गेली."

दीर भिंतीला टेकून उभा होता. "आमी काय मागितलं न्हाई," तो म्हणाला. "देवानं दिलं ते घेतलं."

"अवो, मी रोजच अनवाणी असतो," मोजणीदार म्हणाले. "बाजाराला जाताना, कचेरीत बसताना."

"म्हंजे रोजचंच व्रत," नारळवाला म्हातारा म्हणाला, आणि त्यानं हात जोडले.

"व्रत न्हाई, आजोबा. मला आवडतं म्हणून."

"मोठी मानसं आसंच म्हनत्यात."

त्यांनी जितकं नाकारावं तितके ते मोठे होत गेले. तासाभरानं आम्ही उठलो. अर्जाचा कागद कोराच राहिला. निघताना दोन बायका त्यांच्या पाया पडल्या. मी त्यांचा चेहरा एवढा हताश कधी पाहिला नव्हता.

परतीच्या गाडीत मोजणीदारांनी तिघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "त्या दिवशी लोकांनी चपला काढल्या त्या मला दिसल्या हुत्या, बाई. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं लोकं कंजूष म्हणत्यात, येडा म्हणत्यात. पयल्यांदाच कुणीतरी हात जोडलं. म्हटलं, असू दे. मी सांगितलं असतं ना तवाच, तर ती बाई चार फुटांसाठी भांडली असती, आन तितंच साखळी तपासली गेली असती."

मागच्या बाकावरून यशवंतराव म्हणाले, "साहेब, बूट घ्या."

ते वळले. "काय?"

"बूट घाला आन मग जावा. दुसरं काय त्यास्नी पटायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी यशवंतराव त्यांना घेऊन बाजारात गेले. एकाही दुकानातला तयार जोड त्यांच्या पायात शिरेना. पंचवीस वर्षं मोकळे वाढलेले पाय, बोटं पसरलेली, चवडा हा एवढा. शेवटी एका कारागिराकडं नेलं. त्यानं जमिनीवर कागद पसरला, त्यावर पाय ठेवायला सांगितला आणि पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली. मोजणीदार त्याला म्हणाले, रेघ आतनं घेताय का भाइरनं? कारागीर म्हणाला, "सायेब, आतनं घेतली काय आन भाइरनं घेतली काय, ह्यो बूट दुसऱ्या कुणाला हुईत न्हाई." आठ दिवसांनी तपकिरी रंगाचे, पुढून फावड्यासारखे रुंद बूट आले. नाड्या बांधायच्या कशा हे यशवंतरावांनी शिकवलं. कचेरीच्या व्हरांड्यात मोजणीदार दोन दिवस येरझाऱ्या घालत होते आणि आम्ही कुणीही हसलो नाही. हसायचं ठरवलं होतं, पण हसू आलं नाही.

मोजणीदारांच्या तिसऱ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा वरिष्ठांनी दुसऱ्या मोजणीदाराची चांगली साखळी दिली होती. पारावरच्या लोकांनी आधी बूट पाहिले, मग माणूस पाहिला. नारळवाला म्हातारा म्हणाला, "सायेब, व्रत मोडलं व्हय?"

मोजणीदार उभे राहिले. "व्रत नव्हतं. तुमाला तंबाखू लागती, मला पायाला वारं लागतं. हौस हाय माझी. त्या दिवशी मी अनवाणी हुतो, आन साखळी आखूड हुती. सकाळी ती तपासायचा मी कंटाळा केला. देव चालत नव्हता तितं. मी चालत हुतो, आन मी चुकलो. तुमी हात जोडलासा तवाच मी हे सांगायला पायजे हुतं. सांगितलं न्हाई, हे त्याच्याऊन वाईट."

एवढं सरळ बोललेलं त्या पारावर बहुधा कुणी ऐकलं नव्हतं. कुणीतरी मागं खाकरलं. शेवंताबाई त्या बुटांकडे बराच वेळ बघत होत्या.

"म्हंजे तवाबी तुमीच, आन आताबी तुमीच?"

"व्हय."

"पायात देव न्हवता?"

"न्हाई, बाई. पायात पायच हुता."

त्यांनी अर्जावर अंगठा दिला. मग म्हणाल्या, "मी चपला घालून बांधावर यिऊ?"

"या की."

त्या घरात गेल्या आणि चपला घालून आल्या. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही काढलेल्या चपला परत पायात घातल्या. गावातल्या दोघांनी साखळी काठीनं मापून पाहिली. मग यशवंतराव एक टोक धरून पुढं, मोजणीदार मागं, आणि सगळं गाव चपला फटफटवत बांधानं. नवी हद्द तिन्ही झाडांच्या पलीकडून गेली. दीर म्हणाला, दर खेपेला मोजाल तर दर खेपेला हद्द सरकणार. पण आता सगळेच चपला घालून उभे होते, देवाचं नाव घ्यायला त्याला जागा नव्हती. त्यानं सही केली. म्हातारा मात्र नाराज दिसला. "नारळ वाया गेला," तो म्हणाला.

उतरताना मोजणीदार लंगडायला लागले. जांभ्याची वाट, नवे बूट. यशवंतराव म्हणाले, "काढा आता, साहेब."

"गाव दिसतंय तवर न्हाई."

वळण आल्यावर, मागं फक्त झाडी दिसायला लागल्यावर, ते दगडावर बसले आणि बूट काढले. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या, मोज्याला रक्त लागलं होतं. यशवंतरावांनी ते बूट घेतले, फडक्यानं पुसले आणि पिशवीत ठेवले. मोजणीदारांनी पाय जमिनीला टेकवले आणि म्हणाले, "अनवाणी चाललं की पायाला इजा हुती म्हणत्यात, बाई. बगा."

त्यानंतर ते पुन्हा पहिल्यासारखे अनवाणी हिंडू लागले. नवस फिटला, नवस चुकला, अशा दोन्ही बातम्या उठल्या आणि विरल्या. बूट त्यांच्या टेबलाखाली एका खोक्यात असत. कुठंही हद्द दाखवायला जाताना ते बरोबर नेत आणि बांधावर उभं राहायच्या आधी घालत. परत आले की टाचांना आमसुलाचं तेल.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस दारातला शिपाई आत येऊन म्हणाला, "कोणतरी बाई आलीया. बूटवाल्या साहेबास्नी भेटायचं म्हणती. म्हटलं, आमच्याकडं बूटवालं सायेब कोण न्हाई."

मी मान वर केली. मोजणीदारही माझ्याकडं बघत होते. त्यांचे उघडे पाय टेबलाखाली एकावर एक चढवलेले होते. त्यांनी पायानं खोकं पुढं ओढलं आणि ते उघडायला वाकले. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जेवढं वाटलं तेवढं नंतर फार थोड्या माणसांबद्दल वाटलं.

मी बाहेर गेले. शेवंताबाईच होत्या, हातात कापडी पिशवी आणि बरोबर थोरली मुलगी. मी म्हटलं, "बसा जरा. साहेब कामात आहेत." त्यांना माठातलं पाणी आणून दिलं, गाडीला किती वेळ लागला विचारलं, मुलीला कितवीत आहेस विचारलं. नाड्या बांधायला मोजणीदारांना नेहमीच वेळ लागे. शेवटी आतून आवाज आला, "पाठवा, बाई."

शेवंताबाई आत गेल्या. त्यांनी आधी टेबलाखाली पाहिलं. मग पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यंदा तिनीबी झाडं धरली, सायेब."